दोन तारखांमधील कामाचे दिवस

दोन तारखांमध्ये किती दिवस गेले, हा प्रश्न इतका सोपा की त्यावर कोणी लेख लिहावा याचेच पुष्कळांना नवल वाटेल. दिनदर्शिका भिंतीवर आहे, बोटे हाताला आहेत. मोजा आणि सांगा. परंतु 'किती दिवस गेले' याऐवजी 'कामाचे किती दिवस गेले' असे विचारताच प्रश्नाचे रूप पालटते. आज लहानमोठ्या संस्थांचे, पतपेढ्यांचे, कारखान्यांचे आणि रुग्णालयांचे अहवाल संगणकावर तयार होतात, आणि त्यांत 'अर्ज सरासरी इतक्या कामाच्या दिवसांत निकालात काढले' अशा अर्थाचे एक वाक्य हटकून असते. सभेत ते वाचले जाते, टाळ्या पडतात आणि अध्यक्ष पुढील विषय पुकारतात. तो आकडा संगणकाने कसा काढला, आणि संगणकाने काढला म्हणून तो खरा मानावा काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. समजा, महाराष्ट्रातील एका मदतसंस्थेकडे शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी एक अर्ज बुधवार, ९ एप्रिल २०२५ रोजी आला आणि सोमवार, २१ एप्रिल २०२५ रोजी तो मंजूर झाला. किती दिवस लागले? २१ मधून ९ वजा केले तर १२. दोन्ही टोकांचे दिवस धरले तर १३. शनिवार-रविवार वगळून दोन्ही टोकांसह मोजले तर ९. आता त्या पंधरवड्यात १० तारखेला महावीर जयंती, १४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती आणि १८ ला गुड फ्रायडे आला होता. या तीन सुट्ट्या काढल्या म्हणजे राहिले ६. अर्ज ज्या दिवशी आला तो दिवस मोजावयाचा नाही असे ठरविले तर ५. संस्था बँकांप्रमाणे केवळ दुसरा व चौथा शनिवार पाळत असेल तर १२ तारीख सुट्टीची, पण १९ तारीख कामाची. म्हणजे दोन्ही टोकांसह ७. आणि प्रत्येक शनिवारी कचेरी उघडत असेल तर ८. अर्ज एक, तारखा दोन आणि उत्तरे सात! यांतले एकही उत्तर चूक नाही. प्रत्येक उत्तर एका निराळ्या प्रश्नाचे आहे, आणि आपण कोणता प्रश्न विचारला हे अहवालात लिहिलेले नसते, येथेच सारी मेख आहे.

संगणकाच्या लेखी तारीख म्हणजे नुसता एक आकडा. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १ धरलेला आहे आणि तेथून रोज एक वाढत जातो. त्या हिशेबाने ९ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७५६ आणि २१ एप्रिल म्हणजे ४५७६८. वर आलेली १२ ही वजाबाकी याच आकड्यांची. (जाता जाता या गणनेतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी त्या साली २९ फेब्रुवारी होती असे एक्सेल धरून चालते. त्याच्या आधी बाजारात असलेल्या लोटस १-२-३ मध्ये ही चूक होती, आणि त्यातले जुने तक्ते जसेच्या तसे उघडता यावेत म्हणून ती जाणूनबुजून पुढे चालविण्यात आली. १ मार्च १९०० पासूनच्या तारखांना तिचा काही उपद्रव नाही.) क्रमांक हाती असला की सातने भागून बाकीवरून वार काढता येतो. परंतु त्या दिवशी कचेरीचे दार उघडे होते की त्यावर कुलूप होते, हे कोणत्याच भागाकारातून निघत नाही. ते कोणीतरी संगणकाला सांगावे लागते.

हे सांगण्याची सोय असलेले 'नेटवर्कडेज' नावाचे तयार सूत्र एक्सेलमध्ये आहे. लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्येही ते आहे, आणि पॉवर बीआय या अहवाल तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ते २०२२ साली आले. पहिली तारीख, शेवटची तारीख आणि सुट्ट्यांची यादी अशा तीन गोष्टी त्याला द्यावयाच्या. यादी दिली नाही तरी ते कुरकुर करीत नाही. नुसते शनिवार-रविवार वगळून उत्तर काढून मोकळे होते. मग आपल्या उदाहरणातील तिन्ही सुट्ट्या कामाच्या ठरतात आणि ६ च्या जागी ९ छापले जातात. बिचारी कचेरी नाहक मंद ठरते.

या सूत्राचा दुसरा स्वभाव असा की ते दोन्ही टोके मोजते. सकाळी आलेला अर्ज त्याच संध्याकाळी निकालात काढला तरी त्याचे उत्तर १ येते, ० येत नाही. त्याचेच भावंड 'वर्कडे' हे सूत्र मात्र पहिला दिवस सोडून मोजते. '९ एप्रिलनंतर कामाचे ६ दिवस मोजले तर कोणती तारीख येईल?' असे त्याला त्याच तीन सुट्ट्यांसह विचारले, तर ते ११, १५, १६, १७, २१, २२ असे मोजत २२ एप्रिल सांगेल. आणि ९ ते २१ एप्रिल यांत कामाचे दिवस किती असे पहिल्याला विचारले तर ते ६ सांगेल. एकाने अर्जाची मुदत ठरविली आणि दुसऱ्याने ती पाळली गेली की नाही हे तपासले, तर एक दिवसाचा तंटा ठरलेला. दोन्ही टोके नको असतील तर उत्तरातून १ वजा करावा, पण मग तो सर्वच अर्जांना करावा. एका विभागाने करावा व दुसऱ्याने करू नये, असे होऊन चालणार नाही.

टोकांचा हा वाद संगणकाने निर्माण केलेला नाही. केंद्रीय कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी केलेल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या ९ व्या कलमाने 'पासून' या शब्दाने पहिला दिवस वगळला जातो व 'पर्यंत' या शब्दाने शेवटचा धरला जातो, असा दंडक घालून दिला आहे. त्याच कायद्याचे १० वे कलम म्हणते की एखादी गोष्ट कचेरीत वा न्यायालयात करण्याची मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवशी ते बंद असेल, तर पुढे ज्या दिवशी ते उघडेल त्या दिवशी ती केली तरी वेळेत केली असे समजावे. याच्या नेमके उलट १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचे २५ वे कलम आहे. वचनचिठ्ठीची किंवा विनिमयपत्राची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ते त्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी देय झाले असे धरावयाचे. म्हणजे अर्जदाराला सुट्टीमुळे एक दिवस अधिक मिळतो, आणि ऋणकोला एक दिवस कमी. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणपणाचे आहेत. अहवाल तयार करणाऱ्याने एवढेच ओळखावे की 'शेवटचा दिवस सुट्टीत आला तर काय' याचे उत्तर सूत्रात शोधून सापडणार नाही. संस्थेच्या नियमावलीत ते लिहून ठेवावे लागेल.

आता आठवड्याच्या सुट्टीकडे वळू. सूत्रे लिहिणारे शनिवार-रविवार सुट्टी जणू सृष्टिनियमच आहे असे समजून चालतात. आपल्याकडे रविवारच मुळी फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांना आठवड्याचा एकही हक्काचा दिवस नव्हता. 'दीनबंधू'चे संपादक आणि महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा भरविल्या, सह्यांचे अर्ज पाठविले, आणि तेव्हा कोठे १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी पदरात पडली. शनिवारचा इतिहास तर अगदी अलीकडचा आणि अजून चालूच आहे. बँकांनी दुसरा व चौथा शनिवार पूर्ण बंद आणि बाकीचे शनिवार पूर्ण दिवस कामाचे, हा क्रम १ सप्टेंबर २०१५ पासून सुरू केला. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. ज्या घरांतली मुले आखाती देशांत नोकरीला आहेत त्यांना ठाऊक असेल की संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारी कचेऱ्यांत शुक्रवार-शनिवारची सुट्टी होती, ती १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारवर आली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा झाला.

एक्सेलमध्ये 'नेटवर्कडेज इंटल' हे सुधारलेले सूत्र २०१० च्या आवृत्तीत आले. त्यात आठवड्याची सुट्टी आपण ठरवावयाची. फक्त रविवार सुट्टी असेल तर ११ हा संकेतांक, शुक्रवार-शनिवार असेल तर ७. परंतु 'दुसरा व चौथा शनिवार' याला कोणताही संकेतांक नाही, आणि सुट्टीची रीत वर्षाच्या मध्येच बदलली तर तेही त्याला कळविता येत नाही. जो शनिवार ८ ते १४ तारखेत येतो तो दुसरा आणि जो २२ ते २८ तारखेत येतो तो चौथा, एवढे लक्षात ठेवले तर हे शनिवार हुडकून सुट्ट्यांच्या यादीत घालता येतात. काम भागते, पण ठिगळ ते ठिगळच.

याहून सरळ मार्ग म्हणजे दिवसांचा तक्ता. अहवालाच्या धंद्यात मुरलेले लोक सूत्रांच्या नादी फारसे लागत नाहीत. ते एक तक्ता तयार करून ठेवतात आणि सारे अहवाल त्याला विचारून काढतात. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक ओळ, म्हणजे ३६५ किंवा ३६६ ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, वार, कचेरी उघडी की बंद, आणि बंद असल्यास कारण. शेवटी एक रकाना असा की ज्यात कामाच्या दिवसांचा चढता क्रमांक असतो. दिवस कामाचा असेल तर क्रमांक एकाने वाढतो, सुट्टीचा असेल तर आदल्या दिवसाचाच राहतो. ज्यांनी रोजकीर्द लिहिली आहे त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. खात्यात चालू शिल्लक जशी ओळीओळीने उतरवतात, तशी ही दिवसांची शिल्लक.

आपलेच उदाहरण घेऊ, आणि संस्था बँकांप्रमाणे शनिवार पाळते असे समजू. ९ एप्रिलला ६० हा क्रमांक होता असे धरले, तर १० ला सुट्टी म्हणून ६०च, ११ ला ६१, मग १२, १३ व १४ असे तिन्ही दिवस ६१, १५ ला ६२, १६ ला ६३, १७ ला ६४, १८ ला पुन्हा ६४, १९ ला ६५, २० ला ६५ आणि २१ ला ६६. आता दोन तारखांमधील कामाचे दिवस म्हणजे ६६ वजा ६०, म्हणजे ६. पहिला दिवसही धरावयाचा तर ७. पन्नास हजार अर्ज असले तरी प्रत्येकाला दोन ओळी पाहावयाच्या आणि एक वजाबाकी करावयाची. (अर्ज सुट्टीच्या दिवशी आला असेल, तर तो धरण्या न धरण्याचा प्रश्नच उरत नाही, नुसती वजाबाकीच दोन्ही रीतींनी बरोबर येते.)

या तक्त्याचा आणखी एक गुण आहे. त्यात एका तारखेला एकच ओळ असल्यामुळे एक दिवस दोनदा वजा होण्याची भीती नाही. २०२५ साली प्रजासत्ताकदिन रविवारी आला होता. आधी रविवार वजा करून मग सुट्ट्यांची संख्या सरसकट वजा करणाऱ्या हातच्या सूत्राने तो दिवस दोनदा कापला असता. त्याच वर्षी गांधी जयंती आणि दसरा २ ऑक्टोबरला एकत्र आले. सुट्ट्या दोन, दिवस एक. नेटवर्कडेज रविवारी आलेली सुट्टी पुन्हा वजा करीत नाही हे खरे, पण ज्यांनी घरच्या घरी सूत्रे जुळविली आहेत त्यांनी ती एकदा तपासून घ्यावीत.

येथपर्यंत मुद्दाम महाराष्ट्रातले उदाहरण घेतले. आपल्यासारख्या महाराष्ट्राच्या सीमेवर आणि सीमेपलीकडे वसलेल्या मंडळींना खरी अडचण याच्या पुढेच आहे, कारण सुट्ट्या गावागणिक बदलतात. कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यात मोटारीचा दोन-तीन तासांचा रस्ता. परंतु १ नोव्हेंबरला राज्योत्सवामुळे बेळगावच्या सरकारी कचेऱ्या बंद, तर कोल्हापूरच्या चालू. आणि १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी कोल्हापुरात. १ मे रोजी दोन्हीकडे सुट्टी असते, पण एकीकडे महाराष्ट्र दिन म्हणून आणि दुसरीकडे कामगार दिन म्हणून. गोव्यात १९ डिसेंबर हा १९६१ च्या मुक्तीचा दिवस; हैदराबादेत २ जून हा तेलंगणाच्या स्थापनेचा. बडोद्यात १४ जानेवारीला पतंगांमुळे आकाश दिसत नाही आणि कचेऱ्या बंद असतात, तर पुण्यात त्याच दिवशी तिळगूळ घेऊन माणसे कामावर जातात. इंदूरला रंगपंचमीची गेर निघते म्हणून त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर होत आलेली आहे. ज्या संस्थेचा अर्ज बेळगावात येतो, छाननी पुण्यात होते आणि धनादेश मुंबईच्या बँकेतून निघतो, तिने कोणत्या गावाचे दिवस मोजावेत? माझे मत असे की, ज्या गावी ते काम व्हावयाचे होते त्या गावाचे. म्हणून तक्त्यात तारखेबरोबर गावाचाही रकाना हवा आणि प्रत्येक गावाची दिवसांची शिल्लक स्वतंत्र चालली पाहिजे. मुंबईची यादी सर्वांना लावणे सोयीचे असते. परंतु मग राज्योत्सवाच्या दिवशी बेळगावच्या कारकुनाने काम केले नाही असा ठपका अहवाल न बोलता ठेवतो.

बरे, वर्षाच्या आरंभी यादी घातली म्हणजे सुटलो असेही नाही. रविवार, ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. कोणत्या संगणकाला ती आधी ठाऊक असणार? २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी यादीप्रमाणे शुक्रवार, ५ सप्टेंबरला होती. लगेच ६ तारखेला अनंत चतुर्दशीचे विसर्जन असल्याने मिरवणूक पुढे ढकलण्यात आली, आणि सरकारने मुंबई शहर व उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ती सुट्टी सोमवार, ८ सप्टेंबरला नेली. उरलेल्या महाराष्ट्रात ती ५ तारखेलाच राहिली. म्हणजे ठाण्याच्या कचेरीला जो दिवस सुट्टीचा, तोच मुंबईच्या कचेरीला कामाचा. अशा वेळी तक्त्यातली एक ओळ बदलली की सर्व अहवाल आपोआप दुरुस्त होतात, हा तक्त्याचा मोठाच फायदा. मात्र ती ओळ बदलणारे माणूस नेमलेले असावे लागते.

पैशांच्या बाबतीत तर 'कामाचा दिवस' ही कल्पनाच आता दुभंगली आहे. एनईएफटीने १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएसने १४ डिसेंबर २०२० पासून रविवारी, सणावारी, रात्री-अपरात्रीही पैसे जाऊ लागले. तेव्हा मंजुरीपासून पैसे पोचेपर्यंतचा काळ कामाच्या दिवसांत मोजण्याचे कारण फारसे उरलेले नाही. मंजुरीवर सही करणारे चिटणीस मात्र रविवारी गावाला गेलेले असू शकतात. म्हणून मंजुरीपर्यंतचे दिवस तक्त्याप्रमाणे मोजावेत आणि नंतरचे साध्या दिवसांनी, हे मला रास्त वाटते.

तक्ता कितीही चोख असला तरी तारीखच चुकीची शिरली तर इलाज नाही. सर्वांत मोठा घात दिवस आणि महिना यांच्या अदलाबदलीने होतो. आपण ०९/०४/२०२५ लिहितो ते ९ एप्रिल म्हणून. ज्या संगणकाची मांडणी अमेरिकन रीतीची आहे तो तेच ४ सप्टेंबर असे वाचतो, कारण तेथे महिना आधी. पुढे २१/०४/२०२५ आले की एकविसावा महिना त्याला सापडत नाही, मग तो तिला तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवून देतो. परिणाम असा की महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या तारखा मुकाट्याने उलटतात आणि पुढल्या तारखा हिशेबातूनच बाद होतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: एक्सेलमध्ये, रकान्याची मांडणी कोणी हाताने बदललेली नसेल तर, खरी तारीख रकान्याच्या उजव्या कडेला लागते आणि मजकूर डाव्या कडेला. रकाना वरून खाली एकदा नजरेखालून घातला की घोटाळा दिसतो. नोंद करतानाच महिना अक्षरांत लिहिण्याची सवय लावली तर तो होतच नाही.

वेळेचाही असाच एक खोडा असतो. नोंदीत तारखेबरोबर घड्याळाची वेळ चिकटलेली असेल तर तक्त्यातली तारीख आणि नोंदीतली तारीख जुळत नाहीत, कारण तक्त्यात ती मध्यरात्रीची असते. आधी वेळ छाटून घ्यावी लागते. एसक्यूएल सर्व्हरमधील 'डेटडिफ' हे सूत्र दिवस मोजते असे म्हणतात, पण वास्तविक ते मध्यरात्री मोजते. रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी आलेला अर्ज दोन मिनिटांनी निकालात निघाला तरी त्याच्या मते एक दिवस गेला. संध्याकाळी कचेरी बंद झाल्यावर आलेला अर्ज दुसऱ्या दिवशीचा धरावयाचा की नाही, हेही कोठेतरी लिहून ठेवावे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा सारा प्रपंच, त्याकडे येतो. समजा, दहा अर्ज आले. सात अर्ज प्रत्येकी कामाच्या ५ दिवसांत निकालात निघाले. तीन अर्ज कामाचे ४० दिवस झाले तरी पडून आहेत. संगणकाला सरासरी विचारा. तो ५ सांगेल. कारण पडून असलेल्या अर्जांना शेवटची तारीखच नाही, आणि जिथे तारीख नाही तिथे वजाबाकी नाही. ज्यांचे काम झाले नाही ते लोक सरासरीत बसतच नाहीत! अर्ज जितका अधिक रखडेल तितका तो अहवालाला कमी दिसतो, हा उफराटा न्याय झाला. उपाय अवघड नाही. पडून असलेल्या अर्जांसाठी शेवटची तारीख म्हणून अहवालाचा दिवस धरावा, ते वेगळ्या रकान्यात दाखवावेत, आणि सरासरीच्या शेजारी सर्वांत अधिक काळ थांबलेल्या अर्जाचा आकडा छापावा. वरच्या उदाहरणात '५' च्या शेजारी '४०' छापले गेले की सभेत कोणीतरी उठून विचारीलच.

दुसरी पळवाट घड्याळ थांबविण्याची. 'कागद अपुरे' असा शेरा मारून अर्ज परत केला आणि तो पुन्हा आल्यावर नवी तारीख घातली, तर जुने दिवस नाहीसे होतात. कागद खरेच अपुरे असतात हे मान्य. पण पहिल्यांदा अर्ज आला ती तारीख कधीही पुसू नये. तिच्या शेजारी 'अर्ज पूर्ण झाला' ही दुसरी तारीख लिहावी. मग अर्जदाराने किती दिवस घेतले आणि कचेरीने किती, हे दोन्ही दिसते.

आणि कामाच्या दिवसांची गणना कितीही अचूक केली, तरी ती कचेरीच्या बाजूने केलेली गणना आहे हे विसरता येत नाही. आपल्या उदाहरणातील शस्त्रक्रियेचा अर्ज पुन्हा पाहा. कचेरीच्या हिशेबाने ५ दिवस, आणि त्या हिशेबात खोट काहीच नाही. मधल्या सुट्ट्या सरकारी, शनिवार-रविवार हक्काचे. परंतु रुग्णालयातील खाटेचे भाडे १२ दिवसांचे चढले. दुखणे महावीर जयंतीला थांबले नाही आणि गुड फ्रायडेलाही नाही. ५ हा आकडा कारकुनाला न्याय देतो, १२ हा आकडा रुग्णाच्या घरच्यांना, आणि दोघांनाही न्याय हवा आहे. म्हणून मदतीच्या अर्जांच्या अहवालात हे दोन रकाने शेजारी-शेजारी असावेत असे मी आग्रहाने म्हणतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने हा विवेक दाखविला आहे. उत्तरासाठी तो ३० दिवस देतो, त्यात 'कामाचे' हा शब्द नाही. आणि जेथे माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तेथे तो दिवस सोडून ४८ तास मोजतो. तशी एक तातडीची वर्गवारी संस्थांनाही ठेवता येईल, आणि तिच्यापुरता सुट्ट्यांचा तक्ता बाजूला ठेवावा. दोन रकान्यांतले अंतर सतत मोठे दिसू लागले, तर लागोपाठच्या सुट्ट्यांत एखाद्या सभासदाने आळीपाळीने अर्ज पाहण्याची व्यवस्था करता येते. ज्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात अर्ज कमी येतात त्या वर्षी तिची गरज नाही. आकडे समोर असले की तेही कळते.

तक्ता भरण्याचे काम दर वर्षी डिसेंबरात करावे. पुढील वर्षाच्या सुट्ट्यांची यादी सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होते, बँकांची रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर केंद्रवार मिळते. तिसरी यादी संस्थेची स्वतःची, कारण वार्षिक सभेचा किंवा गावच्या जत्रेचा दिवस सरकारी यादीत सापडत नाही. तिन्ही समोर ठेवून एकाने भराव्या आणि दुसऱ्याने वाचून ताडून पाहाव्या. एका गावाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये. हे राहून गेले तर दोन प्रकार होतात. दिवसांचा तक्ता ३१ डिसेंबरला संपलेला असेल तर जानेवारीतील अर्जांच्या पुढे रिकामी जागा येते आणि चूक ताबडतोब कळते. परंतु जेथे नुसते सूत्र आणि गेल्या वर्षाची सुट्ट्यांची यादी एवढ्यावरच काम चालते, तेथे अहवाल नेहमीसारखाच नीटनेटका निघतो, आणि प्रजासत्ताकदिन शनिवार-रविवारी आलेला नसेल तर झेंडावंदनाचा तो दिवसही कामाच्या दिवसांत मोजलेला असतो.